जुनी गाडी घेतलीय? आधी पार्ट ओळखा, मग पाना लावा

जुनी जावा, बुलेट नाहीतर यामाहाची आरएक्स अशी मोटारसायकल दारात येऊन उभी राहिली की पहिल्याच रविवारी ती खोलायला घ्यावीशी वाटते. ती घाई करू नका. माझ्याकडून या घाईत एक चूक झाली, ती आजही भरून आलेली नाही.

कागलच्या मामांची जावा मला मिळाली तेव्हा कागदावर साल होतं १९६९. मी इंटरनेटवर १९६९ च्या जावाचे फोटो शोधले. त्यातल्या गाड्यांचा हेडलाइट वेगळा होता, वर मीटरचं सपाट पॅनेल असलेला. मामांच्या गाडीचा तसा नव्हता. मला वाटलं, मधे कुणीतरी बदललाय. खटपट करून तो पॅनेलवाला हेडलाइट मिळवला आणि गाडीवरचं जुनं हेडलाइटचं घर इतर लोखंडाबरोबर भंगारात वजनावर दिलं. पुढे सहा महिन्यांनी कळलं की ते फोटो चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या जावाचे होते. मामांची गाडी म्हैसूरला बनलेली, आणि तिथल्या जावाला कंपनी तो हेडलाइट लावतच नव्हती. मामांच्या गाडीवर होता तोच कंपनीचा.

मी वीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतात तिथे, काम केलंय. ओतीव माल रोज हाताखालून जायचा, तरी हे झालं. म्हणून हा लेख. कंपनीने कोणत्या साली कोणता पार्ट बदलला हे कसं ओळखायचं, ते मला जमलं त्या क्रमाने सांगतो.

आधी एवढं जवळ ठेवा

कागद: आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड, मिळाली तर जुनी टॅक्सची पावती, जुनी विम्याची प्रत, सर्व्हिसचं कूपन बुक, पहिल्या मालकाच्या घरातले गाडीचे फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या मागे उभी असलेली गाडी फार उपयोगी पडते. त्या फोटोत सीट, मडगार्ड आणि सायलेन्सर कसे होते हे दिसतं.

हत्यारं: बारीक माप घ्यायला व्हर्नियर, आटे मोजायचं थ्रेड गेज, लहान आरसा, टॉर्च, खडू, मऊ ब्रश, रॉकेल, पेन्सिल, पातळ कागद, जाड पुठ्ठ्याची लेबलं. ग्राइंडर आणि पॉलिश पेपर सध्या कपाटात राहू द्या.

१. गाडीचं साल एक नसतं

आरसीवर दोन गोष्टी असतात, उत्पादनाचं साल आणि नोंदणीची तारीख. शोरूममध्ये गाडी काही महिने पडून राहिली तर या दोन्हीत वर्षाचा फरक पडतो. तिसरं साल पार्टचं. डिसेंबरात ओतलेलं क्रँककेस (इंजिनच्या खालच्या भागाचं घर) मार्चच्या गाडीत बसतं. कंपनी नवा पार्ट सुरू करते तेव्हा जुना साठा फेकून देत नाही, तो संपेपर्यंत वापरते. फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. म्हणून बदलाच्या आसपासच्या गाडीत जुने आणि नवे पार्ट मिसळलेले असणं हे बऱ्याचदा ओरिजिनल असल्याचंच लक्षण असतं. सगळे पार्ट एकाच सालचे हवेत म्हणून अशा गाडीतले पार्ट बदलू नका.

नंबर प्लेटवरून साल काढतानाही जपा. कोल्हापूरच्या एमएच-०९ सारख्या नंबरांची पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यानंतरची. म्हणजे १९७२ च्या गाडीला एमएच-०९ नंबर असेल तर तिची नोंदणी कधीतरी नव्याने झालेली आहे. का झाली ते विचारा. बाहेरच्या राज्यातून आली असेल, कागद हरवले असतील. कारण साधंही असू शकतं, पण माहीत असायला हवं.

२. नंबर वाचा, घासू नका

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांना हँडलखालच्या स्टेअरिंग हेडवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. रॉकेल लावलेल्या ब्रशने हलक्या हाताने माती काढा. तार ब्रश नको, पॉलिश पेपर तर नकोच. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी फिरवा. आरटीओत ‘पेन्सिल प्रिंट’ म्हणतात ती हीच.

प्रिंट पाहताना आकड्यांपेक्षा आधी जागा पाहा. आजूबाजूच्या धातूपेक्षा तेवढाच भाग खोल किंवा चकचकीत आहे का? एकाच नंबरातले दोन ‘३’ एकसारखे आहेत का? कंपनीत पंचचा एकच संच वापरतात, त्यामुळे तोच आकडा दोनदा आला की दोन्ही एकाच वळणाचे असतात. इथे शंका आली तर पुढची पायरी करूच नका, गाडी घेण्याआधी आरटीओत विचारा. पावडर कोटिंगला चेसिस देतानाही नंबरची जागा झाकायला सांगा. सँडब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढताना) नंबर पुसट झाला की पुढे तुम्हालाच हेलपाटे.

३. आपल्या गाडीचं घराणं कुठे वेगळं झालं ते शोधा

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या परदेशी आराखड्यावर बनल्या. आराखडा इथे आला आणि मूळ कंपनी तिकडे आपल्या वाटेने पुढे गेली. त्यानंतर दोन्हीकडचे बदल वेगवेगळे.

जावा घ्या. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या बनवायला सुरुवात केली, ती ३५३ या प्रकारच्या अडीचशे सीसीच्या गाडीपासून. चेकोस्लोव्हाकियात १९६२ मध्येच ५५९ हा नवा प्रकार आला. त्यालाच तिकडे हेडलाइटवरच्या पॅनेलवरून ‘पॅनेलका’ म्हणतात. म्हैसूरला मात्र ३५३ चाच वंश पुढे चालला. म्हणून ‘१९६९ जावा’ असं शोधलं की तिकडची गाडी समोर येते. १९७३ मध्ये नाव येझदी झालं, १९७८ ला रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. नाव बदललं म्हणून त्याच दिवशी सगळे साचे बदलले असं समजू नका. १९७४ च्या गाडीवर जावा लिहिलेलं कव्हर दिसलं तर ते उपरं ठरवण्याआधी पायरी पाचची तपासणी करा. आणखी एक, २०१८ पासून जावा नावाने नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांचे पार्ट आणि फोटो शोधात मिसळतात, ते बाजूला काढा.

बुलेटचंही तसंच. मद्रासला १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग इंग्लंडहून येऊन इथे जोडणी व्हायची, नंतर सगळं इथेच बनू लागलं. इंग्लंडमधली बुलेट साठच्या दशकात संपली, आपली पुढे कित्येक वर्षं मूळ घडणीवरच चालली. म्हणून इंग्लंडच्या पुस्तकातला १९६० चा बदल आपल्या १९६० च्या गाडीत शोधू नका.

राजदूत ३५० मध्ये तर हा सापळा महागात पडतो. एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात ही गाडी बनवली, ती यामाहाच्या आरडी ३५० बी वरून. परदेशातल्या त्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडच्या राजदूतला कंपनीने ड्रम दिला. कुणी ‘डिस्कवाली आहे, ओरिजिनल जपानी’ म्हणून जादा पैसे मागत असेल तर तो डिस्क नंतर बसवलेला आहे. शिवाय आधीच्या गाड्या हाय टॉर्क (जास्त ताकदीच्या), नंतरच्या लो टॉर्क (कमी ताकदीच्या). एकीचा ब्लॉक (पिस्टन फिरतो तो सिलिंडर) आणि दुसरीचा सायलेन्सर असं मिसळलेलं सर्रास दिसतं.

४. पार्ट्स बुक वाचायला शिका

दुकानदाराकडचं ‘सगळ्या मॉडेलला चालतं’ हे वाक्य विसरा. कंपनीचं पार्ट्स बुक मिळवा. मूळ छापील नसेल तर चांगली झेरॉक्स चालेल, फक्त कितव्या आवृत्तीची आहे ते पहिल्या पानावर बघा.

पार्ट्स बुकमध्ये चित्रापेक्षा महत्त्वाचा असतो तो शेराचा रकाना. ‘अमुक इंजिन नंबरपर्यंत’ आणि ‘अमुक इंजिन नंबरपासून’ असं तिथे लिहिलेलं असतं. कंपनी बदल सालाने करत नाही, नंबराने करते. आपला इंजिन नंबर वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि प्रत्येक पानावर तो बदलाच्या आधीचा की नंतरचा हे टिपा. दोन-तीन संध्याकाळी लागतात. यापेक्षा खात्रीचा दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

यामाहाच्या गाड्यांत पार्ट नंबर स्वतःच बरंच सांगतो. त्याचे तीन तुकडे असतात. पहिली तीन अक्षरं म्हणजे तो पार्ट ज्या मॉडेलसाठी पहिल्यांदा बनला त्याचा संकेत. मधले पाच आकडे पार्टचं काम सांगतात, जसं ११३११ म्हणजे ब्लॉक, ११६३१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन, ११३५१ म्हणजे ब्लॉकखालचं पॅकिंग. शेवटचे दोन आकडे बरेचदा सुधारणा दाखवतात, ०० चं ०१ झालं म्हणजे पार्टमध्ये काहीतरी बदललं. म्हणून आरएक्स १०० मध्ये दुसऱ्याच मॉडेलचा संकेत असलेला पार्ट निघाला तर तो लगेच चुकीचा ठरत नाही. कंपनी स्वतःच एका मॉडेलचा पार्ट दुसऱ्याला लावते. पार्ट्स बुकमध्ये तो संकेत आहे का, एवढंच बघायचं.

एक फसवणूक मात्र कंपनीच्या डब्यातूनही होते. जुना नंबर बंद करून त्याच्या जागी नवा नंबर दिलेला असतो. पार्ट बसतो, काम करतो, पण दिसायला वेगळा असतो. डबा कंपनीचा म्हणून पार्ट तुमच्या सालचा, असं होत नाही.

५. ओतीव भाग वाचा

हे माझं काम, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

क्रँककेस, साइड कव्हर, हेड, ब्लॉक, ब्रेक प्लेट हे सगळं ओतलेलं. ओतीव भागावर साच्याच्या खुणा राहतात आणि त्या सहसा कुणी पुसत नाही. कव्हर काढा, आतली बाजू रॉकेलने धुवा, सुकू द्या. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा. सपाट वाटणाऱ्या जागेवर पुसट अक्षरं उठतात. त्यावरून खडू आडवा फिरवला की उठाव पांढरा होतो आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. मामांच्या जावाच्या कव्हरवर मी हे केलं तेव्हा नंबराभोवती एक फिकट चौकोन दिसला. पॅटर्नवर आकड्यांची वेगळी पट्टी बसवलेली असली की तिच्या कडा वाळूत उमटतात. नंबर बदलायची वेळ आली की पट्टी बदलायची, पॅटर्न तोच ठेवायचा, ही आमची नेहमीची रीत. हा चौकोन दिसला की पॅटर्न एकच असला तरी मालाच्या पिढ्या वेगळ्या असू शकतात, हे ध्यानात घ्या.

मग पोत पाहा. वाळूच्या साच्यातल्या भागाला बारीक खरबरीतपणा असतो. प्रेशर डाय कास्टिंगचा (धातूच्या साच्यात दाबाने ओतलेला) भाग गुळगुळीत, भिंती पातळ, आणि आतल्या बाजूला माल साच्यातून ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे. एकाच गाडीच्या डाव्या आणि उजव्या कव्हरचा पोत असा वेगळा निघाला तर एक बहुधा नंतरचं आहे किंवा दुसऱ्याने बनवलेलं आहे. पार्ट्स बुक उघडून बघा.

आणि आता नकलेबद्दल. नक्कल करणारा बहुधा नवा पॅटर्न बनवत नाही, कंपनीचं कव्हरच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतो. धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम साधारण सव्वा टक्का, बीड एक टक्का. म्हणून पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करावा लागतो. कंपनीचा तयार पार्ट पॅटर्न म्हणून वापरला तर नक्कल तेवढीच लहान निघते. २०० मिलिमीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरला अडीच मिलिमीटरच्या आसपास फरक. भोकं मशीनवर पाडलेली असल्याने ती बरोबर जुळतात, पण बाहेरची कड आत सरकते आणि क्रँककेसच्या कडेशी पायरी पडते. बोट फिरवलं की लगेच लागते. अक्षरांच्या कडाही बोथट झालेल्या असतात. हुशार कारागीर पॅटर्नवर थर चढवून हे माप भरून काढतो, तेव्हा फक्त मापावर जाऊ नका, अक्षरं आणि पोतही बघा. ही नक्कल वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. आपल्या गावात इतके चांगले हात आहेत की काही कव्हरं मूळ मालापेक्षा घट्ट बसतात. पण ती कंपनीची म्हणून विकली जाऊ नयेत.

६. आटे मोजा

बुलेटचे बरेच जुने आटे इंग्रजी मापाचे, त्यातल्या पुष्कळशांना इंचाला २६ आटे. जावा आणि यामाहा मेट्रिक. बुलेटमध्ये आटा मोजताना एक गोची होते. इंचाला २६ म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.९८ मिलिमीटर, त्यामुळे थ्रेड गेजचं मेट्रिक १.० चं पान त्यावर जवळजवळ बसतं. दोन-तीन आट्यांवर फरक कळत नाही. निदान दहा आट्यांवर पान धरा आणि उजेडाकडे करून बघा, टोकाला फट दिसेल. बोल्टचा व्यासही फसवतो, कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि व्हर्नियरवर तो आठचाच वाटतो. आठचा मेट्रिक बोल्ट तिथे जोर लावून फिरवला की क्रँककेसमधले आटे गेले. असे किती क्रँककेस वेल्डिंगला आलेले मी पाहिलेत.

आरएक्सला आठच्या बोल्टला बहुतेक ठिकाणी १२ चा पाना लागतो, हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टला १३ चा. १३ चा निघाला म्हणून लगेच फेकू नका, काही ठिकाणी कंपनीचाही तसा असू शकतो. जपानी चौफुलीच्या स्क्रूवर बरेचदा एक बारीक टिंब असतं. ते असलेले स्क्रू झिजले तरी डब्यात जपून ठेवा.

७. स्ट्रोक नाही, बोअर मोजा

प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टनचा वर-खाली प्रवास, म्हणजे स्ट्रोक, मोजून ‘इंजिन मूळचंच आहे’ असं सांगणारे भेटतात. ते पुरेसं नाही. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ५०, म्हणजे ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच ५०, बोअर ५८. बुलेट ३५० चा ७० बाय ९०, ५०० चा ८४ बाय ९०. स्ट्रोक दोन्हीकडे सारखाच. ब्लॉक बदललाय का हे बोअर मोजल्याशिवाय कळत नाही. हेड उघडलंच असेल तर उद्यमनगरात कुठल्याही बोरिंगवाल्याकडे बोअर गेजने मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम. माप थोडं जास्त आलं, समजा ५०.५०, तर ती बोअर मारल्याची, म्हणजे सिलिंडर आतून मोठा केल्याची खूण. पिस्टनच्या डोक्यावरचा ओव्हरसाइजचा आकडा त्याच्याशी जुळतो का ते बघा. जावाचं मूळ माप ६५ बाय ७५, राजदूत ३५० चं ६४ बाय ५४ आणि दोन सिलिंडर.

८. पुराच्या खुणा

कोल्हापुरातली गाडी घेताना हे विचाराच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी किती घरांत शिरलं ते आपण पाहिलंय. पाण्यात राहिलेल्या पुष्कळ गाड्यांची इंजिनं, वायरिंग, मीटर नंतर मिळेल तिथून आणून बदलले गेले. ब्रेक ड्रमच्या आत, हेडलाइटच्या तळाशी, सीटच्या पत्र्याच्या घडीत बारीक सुका गाळ सापडला तर विद्युत भाग मूळचे असण्याची आशा कमी. गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त ओरिजिनल वायरिंगची किंमत देऊ नका.

९. आरटीओचं काम पार्टांशी जोडलेलं आहे

इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर आधी ती नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून गाडी आली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म २५.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, नोंदणी १० वर्षांची आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुम्हाला जावा घेऊन रोज बाजारात जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. आणि आरएक्सवाल्यांनो, ती आली १९८५ ला, तिला अजून वेळ आहे.

१०. आता खोला

वहीत तीन रकाने आखा: कंपनीचा आणि सालाशी जुळणारा, कंपनीचा पण दुसऱ्या सालचा, बाहेरचा. प्रत्येक पार्टसमोर पुरावा लिहा, ‘वाटतं’ असं लिहू नका. पुरावा नसेल तर रकाना मोकळा सोडा. माझ्या वहीत अजून अकरा जागा मोकळ्या आहेत.

मेस्त्रींकडे गाडी टाकण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि त्यांना स्पष्ट सांगा, “मेस्त्री, काढलेला एकही पार्ट टाकायचा नाही, पोत्यात भरून परत द्या.” चांगला मेस्त्री यावर रागावत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातले पार्टही गाडी पूर्ण होईपर्यंत घरात ठेवा. मी ठेवले असते तर ते हेडलाइटचं घर आज गाडीवर असतं. भंगारवाल्यांकडे अजूनही चौकशी करतो, कागल-निपाणीकडे गेलो की हमखास.

प्रत्येक पार्टला पुठ्ठ्याचं लेबल बांधा, त्यावर जागा, तारीख आणि वहीतला अनुक्रमांक. लेबल पेन्सिलीनेच लिहा. पेनाची शाई रॉकेलचा हात लागला की पसरते.